पांढऱ्या खांबांचे वाडे आणि त्यामागच्या खोपट्या

१५ मे २०२५ ला अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात एक वाडा जळून खाक झाला. 'नॉटोवे' त्याचं नाव. मिसिसिपी नदीच्या काठावर, ६४ खोल्या, जवळपास ५३ हजार चौरस फूट बांधकाम, समोर उंचच उंच पांढरे खांब. अमेरिकेच्या दक्षिणेत यादवी युद्धाच्या आधीचे जे वाडे शिल्लक होते, त्यातला हा सगळ्यात मोठा. अलीकडे तिथे रिसॉर्ट होतं, लग्नं लागायची.

आगीची बातमी आली आणि सोशल मीडियावर दोन तट पडले. एकीकडे हळहळ. "आमचं लग्न इथे झालं होतं", "काय सुंदर वास्तू होती", वगैरे. दुसरीकडे अनेक काळे अमेरिकन लोक जळत्या वाड्याचे व्हिडिओ शेअर करून चक्क आनंद व्यक्त करत होते. कुणी विनोद करत होतं, कुणी गाणी लावत होतं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे पाहून प्रश्न पडेल, की अरे, दगडाविटांवर कसला राग? जुनी वास्तू गेली तर वाईटच ना?

प्रश्न रास्त आहे. पण उत्तर द्यायचं तर तो वाडा कुणी बांधला, कशाच्या पैशावर बांधला आणि नंतर त्याची गोष्ट कशी सांगितली गेली, हे बघावं लागेल. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

वाडा नव्हे, कारखाना

नॉटोवे बांधला जॉन हॅम्पडन रँडॉल्फ नावाच्या ऊस बागायतदाराने. १८५९ मध्ये वाडा पूर्ण झाला. पुढच्याच वर्षीच्या, म्हणजे १८६० च्या जनगणनेत त्याच्या नावावर १५५ गुलाम नोंदलेले आहेत. १५५ माणसं. गाई-बैल, अवजारं, गाड्या जशा मालमत्तेत धरतात तशी.

त्याच जनगणनेनुसार सगळ्या अमेरिकेत गुलामांची संख्या ३९ लाखांच्या वर होती. यातले बहुतेक कापूस, ऊस, तंबाखू आणि भाताच्या मळ्यांवर राबत होते. या मळ्यांना 'प्लँटेशन' म्हणतात. आपण सिनेमात किंवा पर्यटनाच्या जाहिरातीत बघतो ते फक्त मालकाचं घर. पण प्लँटेशन म्हणजे घर नव्हे. तो एक सबंध कारखाना होता. शेकडो एकर शेती, उसाचं गुऱ्हाळ, लोहारकाम, सुतारकाम, वीटभट्टी, कोठारं, मुकादमाचं घर आणि मागच्या बाजूला ओळीने उभ्या केलेल्या गुलामांच्या खोपट्या. समोरचा वाडा हा त्या कारखान्याचा नफा होता, इतकंच.

उसाचं प्लँटेशन हा यातला सगळ्यात जीवघेणा प्रकार. आपल्या भागात गाळप हंगाम म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ऊस तोडला की लवकर गाळावा लागतो, नाहीतर उतारा घटतो. लुइझियानात त्यावर आणखी एक तलवार होती, ती थंडीची. पाला गोठायच्या आत सगळा ऊस तोडून, गाळून, रस आटवून साखर करायची. म्हणून ऑक्टोबरपासून वर्षअखेरीपर्यंत दिवसरात्र काम चालायचं. सोळा-सोळा, अठरा-अठरा तास. झोपेने डोळा लागला आणि हात चरकात गेला, तर हात तोडण्यासाठी शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे. उकळत्या रसाच्या उघड्या कढया एका ओळीत मांडलेल्या आणि माणसं पळ्यांनी रस एका कढईतून दुसरीत टाकत उभी. अंगावर रस सांडला तर कातडी सोलून निघायची.

या भागात गुलामांचे मृत्यू जन्मांपेक्षा जास्त होते. मग मळे चालायचे कसे? नवी माणसं विकत आणून. १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणायला कायद्याने बंदी आली, तेव्हा देशातल्या देशात व्यापार सुरू झाला. व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या राज्यांतून दक्षिणेच्या टोकाकडे साधारण दहा लाख माणसं हलवली गेली. बरीचशी विकून. आई एकीकडे, मुलं दुसरीकडे. 'नदीच्या खाली विकलं' असा एक शब्दप्रयोग इंग्रजीत आहे, त्याचा आजचा अर्थ 'दगा दिला'. ती नदी म्हणजे हीच मिसिसिपी आणि खाली म्हणजे इथलेच हे ऊस-कापसाचे मळे.

आणि लोक मुकाट सोसत होते असंही नाही. जानेवारी १८११ मध्ये याच नदीकाठी चार्ल्स देलोंद नावाच्या माणसाच्या पुढाकाराने गुलामांनी उठाव केला. देलोंद स्वतः गुलाम, पण मळ्यावर मुकादमाचं काम करणारा. कोयते, कुऱ्हाडी, काही बंदुका घेऊन शेकडो लोक न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने निघाले. अमेरिकेच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा गुलामांचा उठाव मानला जातो. दोन-तीन दिवसांत तो चिरडला गेला. पकडलेल्यांची मुंडकी तोडून नदीच्या बांधावर खांबांवर लावली. मैलोन् मैल. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं म्हणून.

आज त्याच रस्त्याने पर्यटकांच्या बसेस वाडे दाखवायला जातात.

अँटवानचं झाड

नॉटोवेसारखाच दुसरा प्रसिद्ध वाडा म्हणजे 'ओक अ‍ॅली'. तुम्ही नाव ऐकलं नसलं तरी फोटो नक्की बघितला असेल. दोन्ही बाजूंनी मोठमोठे ओक, वर फांद्यांची कमान आणि टोकाला पांढरा वाडा. बघताक्षणी प्रेमात पडावं असंच दृश्य.

या मळ्यावर अँटवान नावाचा एक गुलाम माळीकाम करायचा. पिकॅन हे अक्रोडाच्या जातीचं फळ आहे. त्याची चांगल्या प्रतीची लागवड करायची तर कलम जमायला हवं, आणि भल्याभल्यांना ते जमत नव्हतं. अँटवानने १८४६-४७ च्या हंगामात ते करून दाखवलं. पातळ सालीचं, हाताने फुटणारं पिकॅन. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात या फळाला गौरव मिळाला आणि त्या वाणाला 'सेंटेनियल' म्हणजे 'शताब्दी' असं नाव पडलं. अमेरिकेतल्या पिकॅनच्या व्यापारी लागवडीची सुरुवात या कलमापासून धरतात.

अँटवानबद्दल आपल्याला काय माहीत आहे? मालक वारल्यावर मालमत्तेची यादी झाली, त्यात त्याची नोंद आहे. वय ३८, माळी, पिकॅनची कलमं करण्यात तरबेज, किंमत एक हजार डॉलर. बस्स. त्याचं आडनाव नाही, चेहरा नाही.

कलम बांधणाऱ्याच्या हाताला काय किंमत असते हे आपल्या कोकणातल्या आंबेवाल्याला विचारा, नाहीतर नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्याला. इथे ती किंमत खरोखरच लिहून ठेवली होती. फक्त ती मालकाच्या खात्यावर जमा होती.

स्वातंत्र्य आलं, पण दुकान मालकाचंच

१८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, दक्षिण हरली आणि डिसेंबर १८६५ मध्ये घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली. कागदावर.

जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने हुकूम काढला होता, की किनारपट्टीवरची काही जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंतच्या तुकड्यांनी द्यायची. हजारो लोकांनी तिथे पेरणीही सुरू केली. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला. नवा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत देऊन टाकली. 'चाळीस एकर' हे शब्द काळ्या अमेरिकन माणसाच्या तोंडी आजही येतात ते न पाळलेल्या वचनाची खूण म्हणूनच. आणि गंमत बघा, राजधानी वॉशिंग्टनमध्ये १८६२ ला गुलामगिरी रद्द झाली तेव्हा सरकारने नुकसानभरपाई दिली होती. एका गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत. दिली कुणाला? मालकांना.

जमीन नाही म्हटल्यावर लोक जाणार कुठे? त्याच मळ्यावर, त्याच खोपटीत राहून मजुरी करायची. मजुरी अनेक ठिकाणी रोख मिळायची नाही. मालकाच्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्या मिळायच्या. दुकानातला भाव मालक ठरवणार, वहीही तोच लिहिणार. हंगाम संपला की हिशेबात मजुराकडेच बाकी.

उचल फेडता फेडता हंगाम संपणं म्हणजे काय, हे आपल्या मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगाराला समजावून सांगायला नको. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणत नाही. माणसाची कायद्याने खरेदी-विक्री होणं ही वेगळीच पातळी आहे. पण माणूस कर्जाने कसा बांधून ठेवता येतो, ते वहीचं शास्त्र मात्र सगळीकडे सारखंच.

नोव्हेंबर १८८७ मध्ये, ऐन गाळपात, लुइझियानातल्या सुमारे दहा हजार ऊस मजुरांनी संप केला. मागणी काय तर रोजी सव्वा डॉलर मजुरी आणि तीही चिठ्ठीत नको, रोख द्या. २३ नोव्हेंबरला थिबोडो गावात गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी काळ्या मजुरांना घराघरातून बाहेर काढून मारलं. किमान ३० माणसं मेली, काही अभ्यासक ६० म्हणतात. संप मोडला. त्यानंतर कित्येक दशकं त्या भागात ऊस मजुरांची संघटना उभी राहू शकली नाही.

गुलामगिरी संपून बावीस वर्षं झाल्यावरची ही गोष्ट आहे.

आणि त्या खोपट्या? याच भागातल्या 'व्हिटनी' नावाच्या मळ्यावर गुलामांसाठी बांधलेल्या खोपट्यांमध्ये मजूर कुटुंबं १९७५ पर्यंत राहत होती. १९७५! आपल्याकडे आणीबाणी लागली ते वर्ष. म्हणजे हा काही फार जुना इतिहास नव्हे. त्या खोपट्यांत लहानाची मोठी झालेली माणसं आजही हयात आहेत.

मग वाडा 'रोमँटिक' कसा झाला?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इतिहास लपवण्याचा हा प्रकार फार सफाईदार आहे. कुणी पुस्तकं जाळली नाहीत. फक्त गोष्ट सांगताना कॅमेरा फिरवला.

युद्ध हरल्यावर दक्षिणेत एक कहाणी रचली गेली. आम्ही गुलामगिरीसाठी लढलोच नाही, आम्ही आमच्या संस्कृतीसाठी, राज्यांच्या हक्कांसाठी लढलो; मालक प्रेमळ होते, गुलाम सुखात होते; ते दिवस फार सुंदर होते. १८९४ मध्ये 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' ही दक्षिणेतल्या महिलांची संघटना निघाली. तिने गावोगावी पुतळे उभारले, आणि शाळेच्या पुस्तकांत काय असावं, काय नसावं यावर बारीक लक्ष ठेवलं. पुतळे लोकांना दिसतात, म्हणून त्यावर वाद होतो. पाठ्यपुस्तक मात्र दोन-तीन पिढ्यांच्या डोक्यात गुपचूप बसतं.

मग १९३२ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या नॅचेज शहरात वाडे दाखवण्याचा वार्षिक सोहळा सुरू झाला. महामंदीचे दिवस, कापसाला भाव नाही, वाड्यांचे रंग उडालेले. घेरदार झगे घालून घरच्या बायका पाहुण्यांचं स्वागत करू लागल्या, तिकीट लावलं, पैसे आले. नंतर 'गॉन विथ द विंड' आलं. १९३६ ला कादंबरी, १९३९ ला सिनेमा. झालं, सगळ्या जगाच्या डोक्यात दक्षिणेचं एकच चित्र पक्कं बसलं.

या सिनेमात मॅमीची भूमिका करणाऱ्या हॅटी मॅक्डॅनियलला ऑस्कर मिळालं. हा मान मिळवणारी ती पहिली काळी कलाकार. पण अटलांटात सिनेमाचा भव्य पहिला खेळ झाला तेव्हा तिला तिथे जाता आलं नाही. जॉर्जियात वंशभेदाचे कायदे होते. ऑस्करच्या समारंभातही तिची बसायची सोय वेगळ्या टेबलावर होती.

२००२ मध्ये जेनिफर आइखश्टेट आणि स्टीफन स्मॉल या दोन अभ्यासकांनी व्हर्जिनिया, जॉर्जिया आणि लुइझियानातल्या १२२ प्लँटेशन-संग्रहालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक ठिकाणी गुलामांचा विषय एकतर निघतच नव्हता, नाहीतर ओझरता यायचा. झुंबर कुठून आणलं, चांदीची भांडी कुणी घडवली, हे तपशीलवार. त्या झुंबराखाली कोण उभं राहायचं हे नाही. उल्लेख आलाच तर 'नोकर' म्हणून. आणि वाक्यरचना ठरलेली: 'वाडा बांधला गेला', 'शेती केली जायची'. कर्ता गायब! मराठीच्या मास्तरांनी कर्मणी प्रयोग शिकवताना त्याचा हा उपयोग मात्र सांगितला नव्हता.

साउथ कॅरोलायनात चार्ल्सटनजवळ 'बून हॉल' म्हणून एक प्लँटेशन आहे. २०१२ मध्ये हॉलिवूडचे तारे ब्लेक लाइव्हली आणि रायन रेनॉल्ड्स यांनी तिथे लग्न केलं. पुढे त्यावर खूप टीका झाली आणि २०२० मध्ये रेनॉल्ड्सने जाहीरपणे माफी मागितली. लोक ज्या वाड्यापुढे फोटो काढतात तो आहे १९३६ चा. जुनं काय आहे, तर त्या रस्त्याच्या कडेला उभी असलेली गुलामांची नऊ विटांची घरं. म्हणजे त्या जागेतला अस्सल वारसा तीच नऊ घरं आहेत, आणि लोक पाठ करून उभे राहतात ते नेमकं त्यांच्याकडेच. त्या भागातल्या जुन्या विटांवर आजही बोटांचे ठसे दिसतात. ओली वीट उचलून वाळत घालणाऱ्या हातांचे. काही ठसे अगदी लहान आहेत. मुलांचे.

राष्ट्राध्यक्षाच्या घरातली खोली

हे फक्त लुइझियानाच्या ऊसवाल्यांचं झालं असं समजू नका. 'सर्व माणसं समान आहेत' हे अमेरिकेच्या जाहीरनाम्यात लिहिणारा थॉमस जेफरसन. त्याचं व्हर्जिनियातलं घर म्हणजे माँटिसेलो. त्याने आयुष्यभरात ६०० पेक्षा जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली.

त्यातली एक सॅली हेमिंग्ज. ती जेफरसनच्या बायकोची सावत्र बहीण, म्हणजे सासऱ्याला गुलाम स्त्रीपासून झालेली मुलगी. जेफरसनची बायको वारली. १७८७ मध्ये सॅली त्याच्या मुलीची सोबत म्हणून पॅरिसला गेली तेव्हा ती १४ वर्षांची होती. पुढे तिला त्याच्यापासून मुलं झाली. तिचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने १८७३ मध्ये ओहायोतल्या एका वर्तमानपत्रात ही हकीकत नाव घेऊन सांगितली. भल्याभल्या इतिहासकारांनी ती सव्वाशे वर्षं उडवून लावली. एका काळ्या माणसाचा शब्द तो. १९९८ मध्ये डीएनए तपासणी झाली, २००० मध्ये माँटिसेलो चालवणाऱ्या संस्थेनेच संबंध मान्य केला आणि २०१८ मध्ये सॅलीच्या खोलीत तिच्यावरचं प्रदर्शन सुरू झालं.

जेफरसन १८२६ मध्ये कर्जात वारला. जानेवारी १८२७ मध्ये त्याच्या घरासमोरच्या हिरवळीवर १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. जोसेफ फॉसेट नावाच्या लोहाराला मृत्युपत्रात स्वातंत्र्य मिळालं होतं. त्याच्या बायको-मुलांना मिळालं नव्हतं. स्वतः मुक्त होणार असलेला माणूस उभा, आणि समोर बायकोपोरांचा लिलाव. पुढे त्याने पै-पै जमवून त्यातल्या काहींना विकत घेऊन सोडवलं.

याचा आपल्याशी काय संबंध?

आहे, आणि अगदी थेट आहे. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, कापूस. इंग्लंडच्या गिरण्यांना बहुतांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जायचा. युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्लंड कापसासाठी मुंबईकडे वळलं. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचं वेड लागलं, बॅक बेमध्ये भराव घालायच्या कंपन्या निघाल्या. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला आणि इकडे भाव कोसळले. प्रेमचंद रायचंदसारखा सम्राट धुळीला मिळाला, बँका बुडाल्या. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर याच प्रेमचंदच्या देणगीतून उभा आहे, त्याच्या आईच्या नावाने. आणि खेड्यात? तेजीत शेतकऱ्याची पत वाढली होती, कर्ज वाढलं होतं. मंदीत भाव गेला, कर्ज राहिलं, वर सरकारी सारा वाढला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, दस्त जाळायला सुरुवात केली. त्या दंग्यामागे आणखीही कारणं होती. पण मिसिसिपीच्या काठावरचं युद्ध सुप्याच्या बाजारापर्यंत पोचलं होतं हे खरं.

दुसरी, साखर. आपल्या साखर कारखान्यात काम केलेल्यांना 'मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटर' माहीत असेल. एका पिंपातल्या रसाची वाफ पुढच्या, कमी दाबाच्या पिंपाला तापवते आणि इंधन वाचतं. ही युक्ती शोधली नॉर्बर्ट रिलियो याने. न्यू ऑर्लिन्सचा, बाप गोरा बागायतदार, आई काळ्या वंशाची पण मुक्त. शिकला पॅरिसमध्ये. १८४३ आणि १८४६ ला त्याने पेटंट घेतली. त्याच्या यंत्राने उघड्या कढयांपुढची ती जीवघेणी पद्धत मागे पडली. मळ्यांच्या मालकांनी त्याच्या बुद्धीवर भरपूर नफा कमावला. त्याला मात्र काळ्या वंशाचा म्हणून समाजात बरोबरीची जागा नव्हती. शेवटी तो पॅरिसला गेला आणि १८९४ मध्ये तिथेच वारला. आज आपल्या कारखान्यांत रस आटतो तो त्याच्याच तत्त्वाने.

तिसरी, जोतीराव फुले. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं, ते जोतीरावांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. निग्रो गुलामांना मुक्त करण्यात त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा या इच्छेने. पुण्यात बसून, एका पिढीपूर्वीच्याच नव्हे तर अवघ्या आठ वर्षांपूर्वीच्या घटनेचा अर्थ त्यांनी असा लावला. वर सांगितलेली मॅडिसन हेमिंग्जची मुलाखतही त्याच वर्षीची. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादात गोऱ्यांच्या जमावाने किमान ६० काळ्या माणसांची कत्तल केली होती. कायद्याने गुलामगिरी जाते, मनातली जायला किती वेळ लागतो हे जोतीरावांना इथल्या अनुभवाने पुरतं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी शाळा काढल्या.

जाळायचं, मिरवायचं की सांगायचं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या वाड्यांचं काय करायचं?

लुइझियानातच एक उत्तर सापडतं. वर ज्या व्हिटनीचा उल्लेख केला, तो मळा जॉन कमिंग्ज नावाच्या एका गोऱ्या वकिलाने विकत घेतला, स्वतःचे पैसे घातले आणि सेनेगलचे इतिहासकार इब्राहिमा सेक यांना सोबत घेऊन डिसेंबर २०१४ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. विषय एकच: गुलामगिरी. इथे फेरी वाड्यापासून सुरू होत नाही. आधी नावं कोरलेल्या भिंती, मग खोपट्या, मग लोखंडी तुरुंग, आणि वाडा सगळ्यात शेवटी. लहानपणी गुलामी भोगलेल्या लोकांच्या मुलाखती १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेत घेतल्या गेल्या होत्या, दोन हजारांहून जास्त. त्यातले शब्द इथे भिंतींवर आहेत. ग्वेंडोलिन मिडलो हॉल या विदुषीने जुन्या कोर्टकचेऱ्यांच्या कागदांतून जमवलेली एक लाखाहून अधिक नावं आहेत. १८११ च्या उठावातल्या त्या मुंडक्यांचंही स्मारक आहे.

आणि लोक तिथे येतात. तिकीट काढून येतात. म्हणजे 'खरं सांगितलं तर पर्यटक येणार नाहीत' हे काही खरं नाही. नाराज होणारेही असतात. चार्ल्सटनच्या बाजूला जिथे गुलामगिरीबद्दल सविस्तर सांगतात, तिथे काही पाहुण्यांनी "आम्ही वाडा आणि बाग बघायला आलो होतो, भाषण ऐकायला नाही" असे ऑनलाइन अभिप्राय दिले, ते २०१९ मध्ये बरेच गाजले.

ही लढाई संपलेली नाही. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सरकारी संग्रहालयांतला इतिहास 'दुरुस्त' करण्याचा आदेश काढला. ऑगस्टमध्ये, गुलामगिरी किती वाईट होती याचंच तिथे फार सांगितलं जातं, अशी त्यांनी तक्रारही केली. मधल्या काळात व्हिटनीचं एक सरकारी अनुदान रद्द झालं, ओरड झाल्यावर ते परत मिळालं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा तोच खेळ: कॅमेरा परत वाड्याकडे फिरवा.

माझं मत विचाराल तर नॉटोवे जळायला नको होता. वाडा सुंदर होता म्हणून नव्हे. तो पुरावा होता म्हणून. पुरावा जळाला की उद्या कुणीही म्हणायला मोकळा, की असं काही नव्हतंच. पण आनंद व्यक्त करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. ज्या जागेने त्यांच्या पणजोबांचं नावसुद्धा कधी लावलं नाही, तिच्यासाठी त्यांनी रडावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

आपली कितीतरी मुलं-मुली आज ह्यूस्टन, अटलांटा, शार्लटला आहेत. आई-वडील सहा महिने जाऊन राहतात. सुट्टीत हे वाडे बघायचा बेत होतोच. जरूर जा. फक्त गाइडला तीन प्रश्न विचारा. इथे काम कोण करायचं? त्यांची नावं कुठे लिहिली आहेत? आणि १८६५ नंतर ती माणसं कुठे गेली? उत्तरं मिळाली तर जागा पैसे वसूल. नाही मिळाली तर निदान गाइडला कळेल की कुणीतरी विचारतंय.

कुणी यातला एखादा वाडा प्रत्यक्ष पाहिला असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा, तिथे काय सांगितलं आणि काय गाळलं. फोटोही टाका, पण मागच्या खोपट्यांचाही टाका.